पंपिंग वीस टक्के: वजनाच्या वहीपासून हृदय प्रत्यारोपणाच्या यादीपर्यंत

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिच्या कागदावर खालच्या बाजूला ‘ईएफ’ लिहून एक आकडा दिलेला असतो. निरोगी माणसाचा तो ५५ ते ७०. चाळीस किंवा त्याखाली गेला की आपल्याकडे म्हणतात, पंपिंग कमी झालं. वीस टक्के ऐकलं की घरचे हबकतात, ऐंशी टक्के हृदय मेलं असा हिशेब करतात. तसं नसतं. डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, तेवढंच हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही पूर्ण रिकामं होत नाही. पंचवीस टक्क्यांवर शेतापर्यंत चालत जाणारे असतात आणि पस्तीस टक्क्यांवर बाजेवरून उठताना धापणारेही असतात.

म्हणून आकडा घोकत बसण्यापेक्षा दोन कामं करा. रोज वजन करा, आणि हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे थकलेल्या हृदयाच्या तज्ज्ञाकडे वेळेत पोचा. उशीर झालेल्या पेशंटला प्रत्यारोपणाची यादी नाकारली जाते, ती बऱ्याचदा तोवर बिघडलेल्या किडनीमुळे, लिव्हरमुळे किंवा फुप्फुसातल्या वाढलेल्या प्रेशरमुळे.

वजनाची वही

साधा डिजिटल काटा पुरतो. फक्त तो शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, रोज वेगळा आकडा दाखवेल. शहाबादी फरशीचा एक सपाट तुकडा कोपऱ्यात पक्का बसवा आणि काटा कायम त्यावरच ठेवा. सकाळी उठून लघवी-संडास झालं की चहाच्या आधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा. आकडा लगेच लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतं.

वहीतली एक ओळ अशी असावी: ‘१२ जून. वजन ५४.३. बीपी १०४/६८. नाडी ७२. उशा २. सूज घोट्यापर्यंत.’ उशांचा आकडा मुद्दाम लिहायचा. आडवं झालं की पायातलं पाणी छातीकडे सरकतं, म्हणून पेशंट नकळत एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा घेतो. रात्री दोन वाजता धाप लागून उठून बसणं, आडवं झालं की कोरडा खोकला येणं, हे दम्याचं समजून पंप आणि स्टिरॉइड सुरू झालेले पेशंट गावोगाव सापडतात. ज्याला आधी कधी दमा नव्हता आणि पन्नाशीत अचानक ‘दमा’ निघाला, त्याचा इको झालाच पाहिजे.

दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा सूज उतरलेली असते. त्या दिवशीचं वजन म्हणजे ‘कोरडं वजन’. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी आपल्या काट्यावर ते पुन्हा बघा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि रातोरात चरबी वाढत नाही. एका दिवसात किलोपेक्षा जास्त किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. पुढच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. बरेच डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की वजन इतकं वाढलं तर लघवीची गोळी इतके दिवस इतकी वाढवा. तोंडी सांगितलेलं विसरतं, त्यांच्याकडून ते वहीतच लिहून घ्या.

काटा दोन ठिकाणी फसवतो. अंगात तीन-चार लिटर पाणी साठेपर्यंत पायावर सूज दिसेलच असं नाही, त्यामुळे ‘सूज नाही म्हणजे ठीक’ हे खरं नाही. आणि जेवण तुटलेल्या पेशंटचं मांस झडत असतं, पाणी वाढत असतं; दोन्ही मिळून आकडा जागच्या जागी राहतो. अशा वेळी पायजम्याची नाडी किंवा लुगड्याची गाठ बघा. दंड-मांड्या बारीक झाल्यात आणि गाठ मात्र घट्ट होतेय, म्हणजे पोटात पाणी आहे. सूज बघताना नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि खळगा राहतो का बघा. दिवसभर बाजेवर पडून असणाऱ्याची सूज पायात मिळत नाही, ती कमरेखाली पाठीला सापडते. तिथेही दाबून बघा.

मीठ मोजायचं कसं

दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात भाजीतलं, कणकेतलं, ठेच्यातलं, सगळं आलं. पेशंटचं वेगळं शिजवायचं ठरतं, पंधरा दिवस चालतं, मग सून कंटाळते आणि बुवा चोरून पापड खातात. त्यापेक्षा घराचंच मीठ मोजा. चार माणसांचं रोजचं वीस ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाका. महिन्याच्या आत संपत असेल तर ‘आम्ही मीठ कमीच खातो’ या बोलण्याला अर्थ नाही.

आधी लोणचं, पापड, कुरडया, सांडगी मिरची, फरसाण आणि हॉटेलातले तर्री-पोहे बंद करा. सावजी रस्सा तर विसराच. भाकर अळणी करा. जवसाच्या चटणीत मीठ निम्मं टाकून वरून लिंबू पिळलं की जीभ हळूहळू सरावते. उपवासाचं सैंधव मीठही मीठच आहे, त्यात सूट नाही. दुकानात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ तर या पेशंटला घातक ठरू शकतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि याच्या निम्म्या गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवणाऱ्या असतात. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो, थांबूही शकतो.

पाण्यावर बंधन सगळ्यांना नसतं. ज्यांना दीड-दोन लिटर सांगितलंय त्यांनी सकाळी तेवढंच पाणी बाटल्यांत भरून ठेवावं. कपभर चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून कमी करायचं. ताक, वरण, आंबील यांनाही हाच हिशेब. घशाला कोरड पडली तर गुळणी करा, लिंबाची फोड चोखा.

गोळ्या: कोण कशासाठी

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, पाणी काढते आणि धाप कमी करते. पण आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या वेगळ्या. त्या चार गटांच्या: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन (किंवा एनालाप्रिल, रॅमिप्रिल); कार्व्हेडिलॉल, बायसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट; स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन; आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटच्या दोन साखरेच्या गोळ्या म्हणून ओळखल्या जातात. ‘मला शुगर नाही, मग ही कशाला?’ म्हणून बरेचजण त्या बंद करतात. शुगर नसली तरी त्या हृदयासाठी असतात.

सुरुवात लहान डोसने होते. कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मग दर पंधरा दिवसांनी वाढवत २५ पर्यंत. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ५० पासून २०० पर्यंत, दोन वेळा. खेड्यातली मोठी गळती इथेच होते. पहिल्या भेटीत लिहिलेला लहान डोस वर्षभर तसाच चालू राहतो, कारण डोस वाढवायला पंधरा दिवसांनी परत कोणी जात नाही. आणि मग ‘गोळ्यांनी फरक पडला नाही’ असं ठरतं. वजन, बीपी आणि नाडीची वही असेल तर फोनवरूनही डोस वाढवता येतो, फक्त स्पायरोनोलॅक्टोन किंवा सॅक्युबिट्रिल वाढवल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी तालुक्याला करून घ्या.

नेहमी होणाऱ्या चुका:

घरात जुन्या रॅमिप्रिल-एनालाप्रिलच्या पट्ट्या शिल्लक असतात आणि नवीन सॅक्युबिट्रिलसोबत त्याही चालू राहतात. दोन्ही एकत्र गेल्या तर तोंड-जीभ-घसा सुजून श्वास कोंडू शकतो. बदल करताना मध्ये ३६ तास जावे लागतात. नवीन गोळी आली की जुन्या पट्ट्या घरातून बाहेर काढा.

कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉल एकदम बंद करू नये. चक्कर येत असेल तर आधी फोन करा.

एसटीने नागपूरला जायचं म्हणून लघवीची गोळी टाळली जाते. ओपीडीच्या रांगेत पोचेपर्यंत पेशंट धापायला लागतो आणि डॉक्टरला खोटं चित्र दिसतं. टाळू नका, पोचल्यावर घ्या. एरवी सकाळी आणि दुपारी तीनच्या आत घ्या. रात्री घेतली की झोपमोड, आणि अंधारात न्हाणीकडे जाताना पडायची भीती.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, जेवण बंद झालं की लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल आणि साखरेच्या गटातली गोळी काही दिवस थांबवावी लागते. त्याच दिवशी फोन करून विचारा. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास धरणाऱ्यांनीही आधी विचारून ठेवावं. डॅपाग्लिफ्लोझिनवर उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल वाढतं, आणि शुगरचा आकडा साधाच दिसत असल्यामुळे ते लवकर कळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सॅक्युबिट्रिलचं आणि डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलंय, त्यामुळे दोन्ही आता स्वस्तात मिळतात. चिठ्ठीवरचं ब्रँडनाव दाखवून महाग वाटलं तर घटकाचं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा.

बाटल, सुई आणि खर्रा

‘डॉक्टरसाहेब, अंगात ताकदच नाई, एक बाटल लावून द्या.’ आपल्याकडे हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा दवाखाना नाही. नॉर्मल सलाईनच्या पाचशे मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. म्हणजे पेशंटच्या जवळजवळ अख्ख्या दिवसाचं मीठ, वर अर्धा लिटर पाणी, आणि तेही थेट रक्तात. डीएनएसच्या बाटलीत मीठ तेवढंच असतं, वर साखर. थकवा हृदयामुळे असतो, बाटलीमुळे फुप्फुसात पाणी होतं आणि रात्री १०८ बोलवावी लागते. खरोखर जुलाबाने पाणी कमी झालं असेल तर सलाईन लागतं, पण ते छाती तपासत, हळूहळू, आणि हृदयाचा पेशंट आहे हे ठाऊक असलेल्या डॉक्टरकडेच. पेशंटच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा: ‘हृदयाचं पंपिंग २० टक्के. डॉक्टरला विचारल्याशिवाय सलाईन व दुखण्याचं इंजेक्शन देऊ नये.’ घरच्यांना बोलता येत नाही तिथे कागद बोलतो.

दुखण्याचं इंजेक्शन म्हणजे डायक्लोफिनॅक. त्याच घराण्यातल्या गोळ्या आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक. या किडनीवर बसतात, मीठ-पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीची धार बोथट करतात. निंदणीनंतर कंबर दुखली तर पॅरासिटामॉल घ्या. बाजारात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्याने तर वजन भराभर चढतं.

खर्रा आणि मोहाची दारू यांच्याबद्दल एवढंच: प्रत्यारोपणाची टीम साधारण सहा महिने तंबाखू-दारू पूर्ण बंद असल्याचं बघते, आणि लघवीतून निकोटिन तपासताही येतं. यादीत जायच्या वेळी खर्रा सोडू म्हणणाऱ्याचे सहा महिने तिथून मोजायला सुरुवात होते. तेवढे महिने हातात असतीलच असं नाही.

मे आणि जुलै

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घामातूनच पाणी आणि मीठ जातं. हिवाळ्यात ठरलेला लघवीच्या गोळीचा डोस मे महिन्यात जास्त होतो. वजन कोरड्या वजनाच्या दीड-दोन किलो खाली, उभं राहताना चक्कर, बीपी वरचं नव्वदच्या आत, लघवी पिवळीजर्द: ही चिन्हं दिसली की डोस कमी करायला फोन. उलट, उन्हाळा आहे म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तांब्या-तांब्याने देऊ नका. एप्रिलच्या भेटीत ‘उन्हाळ्यात पाणी किती आणि गोळी किती’ हे विचारून वहीत लिहून घेतलेलं बरं. टिनाच्या घरात भिंत तापते, गोळ्यांचा डबा खुंटीला टांगू नका. खाली, सावलीत, कोरड्यात ठेवा.

पावसाळ्यात प्रश्न रस्त्याचा असतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, मेळघाटातही घाट बंद पडतात. मृग लागायच्या आत निदान महिन्याच्या गोळ्या घरात हव्यात. फवारणीचा भरलेला पंप पाठीवर घ्यायचा नाही; तो वीस किलोच्या आसपास भरतो, औषधाची वाफ वेगळी.

रात्री बसूनही धाप थांबत नसेल, थुंकीत गुलाबी फेस असेल, ओठ निळसर असतील, बेशुद्ध पडला असेल तर १०८ लावा. शुद्धीवर असेल तर गाडी येईपर्यंत बाजेच्या कडेला पाय खाली सोडून सरळ बसवा. धापणाऱ्याला आडवं करू नका, पाणी पाजू नका. गाडीतही डोक्याकडची बाजू उंच ठेवायला सांगा.

तज्ज्ञाकडे केव्हा

गावचा एमबीबीएस, तालुक्याचा फिजिशियन, मग कार्डिऑलॉजिस्ट, इथपर्यंतची वाट सगळ्यांना माहीत असते. त्यापुढे ज्यांचं कामच थकलेल्या हृदयांचं आणि प्रत्यारोपणाचं असतं असे कार्डिऑलॉजिस्ट असतात. खालीलपैकी एक जरी गोष्ट असली तरी ‘आम्हाला हार्ट फेल्युअरच्या तज्ज्ञाकडे पाठवाल का?’ असं स्वतःहून विचारा:

वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा धाप-सुजेसाठी भरती. लघवीच्या गोळीचा डोस सारखा वाढतोय. बीपी वरचं नव्वदच्या खाली राहतं, किंवा बीपी आणि किडनीमुळे आधी चालणाऱ्या गोळ्या कमी कराव्या लागल्या. क्रिएटिनिन किंवा बिलिरुबिन (काविळीचा आकडा) चढतंय. पंपिंग वीस किंवा खाली. छातीत बसवलेल्या मशीनने झटके दिले. डोब्युटामिनसारखं ताकदीचं औषध शिरेतून लावावं लागलं. सगळ्या गोळ्या नीट घेऊनही आंघोळ करताना, कपडे घालताना दम लागतो.

अंगणात एक चाचणी करता येते. तीस मीटर दोरी मोजून दोन टोकांना दगड ठेवा. पेशंटला त्याच्या चालीने सहा मिनिटं ये-जा करू द्या, थांबावंसं वाटलं तर थांबू द्या, एक माणूस बरोबर चालेल. दहा खेपांच्या आत, म्हणजे तीनशे मीटरच्या आत सहा मिनिटं संपली तर आजार पुढे गेलाय. छातीत दुखत असेल किंवा बसूनच धाप असेल तर ही चाचणी करू नका.

नागपूरचं शासकीय सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, एम्स नागपूर, सावंगी मेघे इथे कार्डिऑलॉजीची तपासणी होते आणि तिथून पुढची दिशा मिळते. प्रत्यारोपणाच्या जुन्या, मोठ्या टीम मुंबई, चेन्नई, हैदराबादेत आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांनी एक लक्षात घ्यावं: बल्लारशाहून हैदराबाद मुंबईपेक्षा खूप जवळ पडतं.

फाइल अशी न्या

तज्ज्ञाला पहिल्या भेटीत मिनिटं मोजकी मिळतात. पिशवीत कोंबलेले कागद लावण्यात ती गेली तर विचारायचं राहून जातं. वरती एका पानावर लिहा: आजार कधी कळला, किती वेळा भरती (महिना, वर्ष, किती दिवस), कोणतं औषध का बंद केलं. ‘रॅमिप्रिल बंद, खोकला’ किंवा ‘स्पायरोनोलॅक्टोन बंद, पोटॅशियम ५.९’ एवढी ओळ फार कामाची. त्याखाली सगळे इको तारखेनुसार, मग ईसीजी, अँजिओग्राफीचा रिपोर्ट सीडीसकट, मग रक्त. अँजिओग्राफीचा नुसता कागद नेला तर ती पुन्हा करावी लागू शकते. गोळ्यांची नावं सांगू नका, पट्ट्याच न्या. वजनाची वही न्या. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर ते कार्ड न्या, पूर्व विदर्भात हे विसरून चालत नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, बाईचा त्रास बाळंतपणाच्या आगेमागे सुरू झाला का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, हेही आठवून ठेवा.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: ‘माझ्यासाठी पेसमेकरचं मशीन आहे का?’ पूर्ण औषधं तीन महिने घेऊनही पंपिंग ३५ च्या वर येत नसेल तर आयसीडी (ठोका घातक बिघडला की झटका देणारं मशीन), आणि ईसीजीमध्ये ठरावीक बिघाड असेल तर सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकसवणारा पेसमेकर) बसवतात. काहींचं पंपिंग त्यानेच सुधारतं.

प्रत्यारोपणाची तपासणी आणि यादी

तपासणीत पेशंटला सगळ्यात नवखी वाटते ती उजव्या बाजूची कॅथ. मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून फुप्फुसातलं प्रेशर मोजतात. भूल फक्त जागेपुरती, पेशंट जागा असतो. हिच्यावर बरंच अवलंबून असतं. डाव्या बाजूचं हृदय वर्षानुवर्षं तुंबलं की फुप्फुसाच्या नसा कडक होतात. नवीन हृदयाच्या उजव्या कप्प्याला इतक्या प्रेशरविरुद्ध ढकलायची सवय नसते, ते पहिल्या काही तासांतच दम तोडू शकतं. औषधाने प्रेशर उतरतं का, हेही तिथेच पाहतात. लवकर जा म्हणतात ते मुख्यतः यासाठी.

याशिवाय रक्तगट, किडनी, लिव्हर, टीबी, कावीळ बी-सी, एचआयव्ही, शुगर, दात, कॅन्सरची तपासणी, आणि घरात सांभाळणारं कोण आहे याची चौकशी. किडलेले दात गावातच काढून घ्या, वेळ वाचतो. रक्तातल्या अँटीबॉडीही बघतात. आधी रक्त चढवलेल्यांत आणि अनेक बाळंतपणं झालेल्या बायांत त्या जास्त असतात आणि जुळणारं हृदय मिळणं अवघड करतात. म्हणून नुसत्या अशक्तपणासाठी रक्ताची बाटली चढवून घेऊ नका. आधी लोह तपासायला सांगा. हार्ट फेल्युअरमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं आणि शिरेतून देता येतं.

नाव रुग्णालयामार्फतच नोंदवलं जातं, पेशंटला स्वतः करता येत नाही. विदर्भाचं काम नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, बघतं. २०२३ पासून अधिवासाची अट काढली, त्यामुळे दुसऱ्या राज्यातही नोंदणी करता येते. हृदय फक्त मेंदूमृत व्यक्तीचं, घरच्यांच्या संमतीने मिळतं. त्यासाठी डॉक्टरांची समिती किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू ठरवते. १९९४ च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. ‘पैसे द्या, नंबर वर घेतो’ म्हणणारा दलाल समजा.

जुळवणी रक्तगट आणि अंगकाठीवर होते. ओ गटाचं हृदय कोणालाही चालतं, पण ओ गटाच्या पेशंटला फक्त ओचंच, म्हणून त्यांची वाट लांबते. काढलेलं हृदय साधारण चार तासांत नवीन छातीत धडधडायला हवं. त्यामुळे यादीत असताना मुक्काम कुठे करायचा हे टीमशी बोलून ठरवा. गडचिरोलीहून नागपूरच पावणेदोनशे किलोमीटर आहे, पुढचं सोडाच. फोन कायम चालू हवा आणि गावात रेंज येत नसेल तर दुसरे दोन नंबर दिलेले हवेत. ताप आला, जखम झाली तर लगेच कळवा. तेवढे दिवस नाव थांबवतात, काढत नाहीत.

खाजगीत खर्च वीस लाखांच्या पुढे जातो, आणि नंतरच्या गोळ्या जन्मभर. भरतीआधीच रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात बसा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. योजनेचा नंबर १५५३८८. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा यांचे अर्ज एकत्रच भरा. रेशनकार्ड आणि आधारावरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करायला टाका.

एलव्हॅड नावाचा पंपही असतो, तो थकलेल्या डाव्या कप्प्याचं काम करतो. पण पोटातून बाहेर आलेली तार, तिची रोजची निर्जंतुक पट्टी, आणि बॅटऱ्या चार्ज करायला भरवशाची वीज लागते. रात्रीच्या भारनियमनात हा प्रश्न नुसता पैशाचा राहत नाही.

नवीन हृदय घेऊन गावी

पहिले काही महिने रुग्णालयाजवळच राहावं लागतं, कारण शरीर हृदयाला नाकारतंय का हे बघायला हृदयाचा कणभर तुकडा वारंवार काढून तपासतात. सुरुवातीला जवळपास दर आठवड्याला.

शरीराने हृदय नाकारू नये म्हणून असते ती टॅक्रोलिमसची गोळी बारा तासांच्या अंतराने, घड्याळ लावून. रक्तातली पातळी बघायची असेल त्या सकाळी गोळी न घेता लॅबला जा, रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर आकडा खोटा चढा येतो आणि डोस चुकीचा कमी होतो. गावच्या डॉक्टरने क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल दिलं तर पातळी भडकते, टीबीच्या रिफाम्पिसिनने कोसळते. कोणतीही नवी गोळी टीमला विचारून. गुळवेलीचा काढा नको. प्रतिकारशक्ती दाबूनच हृदय टिकवलेलं असतं. पपनस नको, संत्रं चालतं.

पहिलं वर्ष गोठा झाडणं, कुटार काढणं, शेणखत उपसणं, कोंबड्यांचं खुराडं ही कामं दुसऱ्याकडे द्या. त्या धुळीत बुरशी असते. दूध उकळून, पाणी उकळून, वाळकं-काकडी नीट धुऊन आणि सोलून. ताप १००.४ झाला की त्याच दिवशी फोन; ‘उद्या बघू’ इथे चालत नाही. नवीन हृदयाच्या नसा तोडलेल्या असतात, म्हणून नाडी बसल्याजागी नव्वद-शंभर राहते, आणि पुढे अडथळा झाला तरी छातीत कळ येईलच असं नाही. वजनाची वही चालूच ठेवायची.

ज्यांचं नाव यादीत जाऊ शकत नाही

वय, किडनी, फुप्फुस, पैसा, कारण काहीही असो, तपासणी थांबली की घरचे गोळ्याही थांबवतात. थांबवू नका. त्याच गोळ्या धाप आटोक्यात ठेवतात. अनेक जिल्हा रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा कक्ष असतो, त्यांच्याकडे नोंद करा. अगदी लहान डोसमधलं तोंडाने घ्यायचं मॉर्फिन धाप कमी करतं आणि ते डॉक्टरच्या देखरेखीत घरी देता येतं. आयसीडी बसवलेली असेल तर शेवटच्या दिवसांत तिचे झटके बंद करता येतात, त्यासाठी ऑपरेशन लागत नाही. हे आधीच बोलून ठेवा. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने आणण्याआधी बोटावरच्या मशीनचा आकडा बघा. तो चांगला असेल तर ऑक्सिजनने धाप फारशी कमी होत नाही. त्याऐवजी बाजेचं डोकं विटा लावून उंच करा आणि टेबलफॅन असा ठेवा की वारा थेट चेहऱ्यावर, नाका-गालावर येईल.